तिरुपूरची शून्य विसर्ग सक्ती: प्रदूषण थांबलं की नुसतं जागा बदलून बसलं?

नदीकाठ (धागाकर्ता): नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांनी न्यायालयीन लढा दिला आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या तिरुपूरची शेकडो डाईंग युनिटं (कापड रंगवणारे कारखाने) बंद केली. पुन्हा सुरू करायला अट एकच, सांडपाण्याचा थेंबही बाहेर नको, हाच शून्य विसर्ग. आधी मुदतींवर मुदती मिळाल्या तेव्हा सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प अर्धवट पडून होते. टाळं लागल्यावरच कामं हलली. दट्ट्याशिवाय कारखानदार बदलत नाही, हे माझं ठाम मत.

बाष्पक: पाणी थांबलं, पण मीठ कुठे गेलं? रिॲक्टिव्ह डाईला (सुती कापडाच्या रंगाला) पाण्याच्या लिटरमागे ६० ग्रॅम मीठ धरा. आरओ (पडद्यातून पाणी गाळणारा संच) पाणी परत देतो, मीठ रिजेक्टमध्ये, म्हणजे मागे उरलेल्या खारट पाण्यात साठतं. ते इव्हॅपरेटरमध्ये आटवायला वाफ लागते, म्हणजे बॉयलरमध्ये लाकूड किंवा कोळसा. शेवटी उरतं मिश्र मीठ, शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्या. ते विरघळतं, म्हणून घातक कचऱ्याच्या भरावातही सहज घेत नाहीत. याला सुधारणा म्हणायचं?

ग्लॉबर: थप्प्या लागतात, कारण एक युनिट साधं मीठ वापरतं, दुसरं सोडियम सल्फेट, आणि दोघांचं पाणी एकाच टाकीत येतं. सगळ्यांनी सल्फेटच वापरलं तर द्रावण थंड करून ग्लॉबर सॉल्टचे, म्हणजे सोडियम सल्फेटचेच, स्फटिक काढता येतात, ते पुन्हा डाईंगला चालतात. मात्र आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम काढायलाच हवं, नाहीतर कापडावर डाग पडतात आणि मालक नवं मीठ मागवतो. दोष आदेशाचा नाही, अंमलबजावणीतल्या आळसाचा आहे.

बाष्पक: दोष आदेशाचाही आहे. तो फक्त पाइपच्या तोंडाशी पाहतो. १:१० लिकर रेशोच्या (कापड आणि पाण्याच्या प्रमाणाच्या) मशीनवर किलोभर कापडाला १० लिटर पाणी, म्हणजे ६०० ग्रॅम मीठ. १:६ वर तेच ३६०. मीठ मुळातच कमी करणारं मशीन घ्यायला कोर्टाने सांगितलं नाही. परदेशी खरेदीदार रसायनांची यादी तपासतो, पण किलोमागे दर वाढवत नाही. मग मशीनचे पैसे कोण देणार?

नदीकाठ: खरेदीदाराने दर वाढवायलाच हवा, हे मान्य. पण आटवायचा खर्च अंगावर आल्यावरच मालक लिकर रेशोचा हिशेब करू लागतो. फुकट नदी असताना ६०० ग्रॅम कुणाला टोचत होते?

मीटरवाचक: दोघांना एक विनंती. सांडपाणी तपासणाऱ्या ऑनलाइन मीटरवर भिस्त ठेवू नका, सेन्सर स्वच्छ पाण्यात बुडवला की आकडे सुंदर येतात. महिन्याची मीठखरेदी, परत मिळालेलं मीठ, शेडमधला साठा आणि इव्हॅपरेटरची वाफ समोरासमोर मांडा. १० टन आत आलं आणि ६ टनांचाच हिशेब लागला, तर उरलेलं ४ टन कुठे गेलं ते मालकाने लेखी सांगावं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने मागायचा कागद हा आहे.