मदत हवी आहे: पाऊस पडून गेल्यावर गोठलेल्या धबधब्यावर चढावं का?

तापीकाठ (रात्री ८:१२)
घाईत आहे, मुद्द्याचं सांगा. शनिवारी आइस क्लाइंबिंग ठरलंय. मधे पाऊस झाला म्हणे. मोबाईल तापमान ७ / १ (दिवसा ७, रात्री १) दाखवतोय, शुक्रवारी रात्रीनंतर एकदम खाली जाणार. म्हणजे पावसाचं पाणी गोठून बर्फ उलट जाडच होणार ना? चौघं आहोत, फक्त टॉप रोप (दोर वरून बांधलेला). गाईडला उद्या सकाळी हो-नाही कळवायचंय. जळगावात हे विचारायला कोणी नाही, म्हणून इथे.

पायवाट_पाटणादेवी (८:२०)
भाऊ, कोठे शे ते तं सांग आधी! ७ / १ कुठल्या गावाचं? धबधबा किती उंचीवर, तोंड कुठल्या दिशेला, पूर्ण खडकाला टेकलेला की मधे सुटा खांब आहे? पाऊस कधी, किती वेळ? त्यानंतरच्या रात्री आभाळ होतं की मोकळं? टॉप रोपचा अँकर, म्हणजे दोराचा वरचा आधार, कशाला बांधणार? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे पोपटवाल्याचं पाकीट.

तोरणमाळ_२७ (८:२४)
क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे) बघून घ्या. मागे क्लिपवाला असेल तर बुटाच्या टाचेला खोल खाच आणि कडक तळ लागतोच. पट्टा न बांधता बूट उचलून झटका द्यायचा. क्रॅम्पॉन लोंबला की ती जोडी परत करायची.

तापीकाठ (८:२९)
क्रॅम्पॉनचं विचारलंच नाही दादा. तापमान मनालीचं आहे. धबधबा अटल बोगद्याच्या पलीकडे लाहौलमध्ये, सिस्सूच्या बाजूला, ३१०० मीटरच्या आसपास. आता सांगा.

लळिंगचा_वारा (८:३५)
मनाली २०५० मीटर. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. १०५० मीटरला साधारण ७. म्हणजे धबधब्यावर दुपारी शून्य, पहाटे उणे ६. चढायला झकास. निघा.

पायवाट_पाटणादेवी (८:४७)
लळिंगभाऊ, हा हिशेब एकाच उतारावर वर चढताना धरायचा. इथे मधे पीर पंजालची आख्खी रांग आडवी आहे. अलीकडे पाऊस तेव्हा पलीकडे बर्फ, नाहीतर नुसतं कोरडं आभाळ, असं सर्रास असतं. शिवाय भिजलेल्या हवेत घट हजाराला ५-६ अंशच असते. मनालीच्या आकड्यावरून लाहौलचा धबधबा ठरवणं म्हणजे धुळ्याचा पाऊस बघून नवापूरला भात लावणं.

आणि हवेचा आकडा म्हणजे बर्फाचा आकडा नव्हे. जाड बर्फ सावकाश तापतो, सावकाश निवतो. कडक थंडीत आठवडाभर मुरलेला बर्फ शून्याच्या एका दुपारने बिघडत नाही. पावसाने बिघडतो. पाणी फटींतून मागे शिरतं आणि बर्फ नि खडक यांच्यामधून वाहतं. धबधबा खडकाला धरून असतो तो त्याच सांध्यावर. तिथेच वंगण पडलं तर समोरून निळा, टणक दिसणारा बर्फही अख्खा पडदा होऊन सुटतो.

तापीकाठ (८:५३)
पण ते पाणी गोठतंच ना शेवटी?

स्क्रू_ढिला (८:५९)
गोठतं, पण गोठताना उष्णता सोडतं, दर ग्रॅमला ३३४ ज्यूल. ती जाते आजूबाजूच्या बर्फात. म्हणून पावसानंतर बर्फ आतून शून्याला येऊन बसतो आणि लवकर निवत नाही. वर बोटभर कडक पापुद्रा, खाली ओलं. आइस ॲक्स मारली की पापुद्र्याची ताटाएवढी कपची निघते आणि थेट खाली उभ्या माणसावर.

माझं ऐकाल तर जाण्याआधी इथेच सराव करा. बर्फाच्या कारखान्यातून मोठी लादी आणा, गोणपाटावर ठेवा. दोन आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायच्या, आटे असलेल्या पोकळ नळ्या) कडेपासून १५ सेंमी आत बसवा, एकावर ओलं गोणपाट टाका, दुसरा उन्हात राहू द्या. थोड्याच वेळात उघडा स्क्रू हाताने हलतो. धातू तापतो आणि आट्यांभोवतीचा बर्फ वितळवतो. डोंगरात म्हणूनच स्क्रूच्या डोक्यावर मूठभर बर्फ थापायचा.

लळिंगचा_वारा (९:०४)
लादीवर धबधबा कळतो का हो? तिला थर नाहीत, मागे खडक नाही, मागून पाणी नाही.

स्क्रू_ढिला (९:०८)
धबधबा कळतो असं म्हटलंच नाही, स्क्रू कळतो. स्क्रू फिरवताना नळीतून निघणारी बर्फाची कांडी बघायची सवय लागते. कांडी सलग, काचेसारखी आली तर बर्फ चांगला. भुगा किंवा चिखलासारखं आलं तर वरचा सडका थर खरवडून पुन्हा बसवायचा. फिरवता फिरवता एकदम हलकं लागलं तर आत पोकळी. नळीतून पाणी आलं तर मागे पाणी वाहतंय, उतरा.

भरीत_आणि_कळणा (९:११)
पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून हिमालयात येणारं पाऊस-बर्फाचं वादळ) आहे का हा? तिकडे आला की दोन-चार दिवसांत आपल्याकडे आभाळ येतं. आमचा हरभरा काढून शेतातच पडलाय. गारपीट होईल का कोणी सांगेल?

लळिंगचा_वारा (९:१४)
दरवेळी होत नाही. बंगालच्या उपसागराकडून ओलावा आला आणि इथे दोन्ही हवा भिडल्या तर गारांची शक्यता. हरभऱ्याचा ढीग ताडपत्रीखाली घ्याच, गार नाही तरी दव आहे.

पायवाट_पाटणादेवी (९:१६)
हरभऱ्याला वेगळा धागा काढा राव. तापीकाठ, माझ्या प्रश्नांचं काय झालं?

तापीकाठ (९:३८)
गाईडला फोन केला. तिथेही पाऊसच पडला, मंगळवारी दुपारी तीनेक तास. मंगळवार-बुधवार दोन्ही रात्री आभाळ. आजपासून उघडेल म्हणतो. धबधबा ४० मीटर, खालचे २५-२८ मीटर खडकाला टेकलेले, वर सुटा खांब. ऊन दुपारी १२ नंतर येतं. अँकर खांबाच्या माथ्यावर बर्फातच, तीन स्क्रू. नाश्ता करून ९ वाजता निघायचं. वर घळ आहे, तिच्यात बर्फ साठलाय.

तोरणमाळ_२७ (९:४१)
एवढं आधीच लिहिलं असतं तर!

पायवाट_पाटणादेवी (१०:०२)
आता बोलता येईल. खांब पूर्ण रद्द. कारण शुक्रवारची थंडी, जिच्यावर तुम्ही भरवसा ठेवताय. पावसाने शून्याला आलेला खांब एकदम गार पडला की आकसतो. वर नि खाली दोन्हीकडे पकडलेला असल्याने आकसायला जागा नसते, ताण आत साठतो. अशा वेळी ॲक्सचा एक घाव पुरतो. आडवी चीर दिसो न दिसो, शनिवारी त्याला हात लावायचा नाही आणि त्याच्या खालीही उभं राहायचं नाही.

टॉप रोप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दोर ज्याला बांधलाय तेच खाली आलं तर दोर काय धरणार? अँकर खडकातल्या बोल्टला किंवा जाड जिवंत झाडाला, दोन स्वतंत्र ठिकाणी. ते नसेल तर खालच्या टेकलेल्या भागावरच थांबा. तिथे वरचा थर खरवडून १९ किंवा २२ सेंमीचे स्क्रू लावा, १३ चे नकोत. टणक बर्फात स्क्रूचं टोक जरा वर आणि डोकं खाली, १०-१५ अंश, म्हणजे आट्या भार घेतात. वितळणाऱ्या बर्फात आट्यांवर विसंबता येत नाही. तिथे काटकोनात, नाहीतर डोकं किंचित वर.

रात्रीचं आभाळ ही सगळ्यात वाईट खबर. मोकळ्या रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो, हवा शून्याच्या जरा वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग ती वाट अडवतात. म्हणजे मंगळवारपासून नीट गोठणं झालेलंच नाही. आज नि उद्या अशा दोनच रात्री मिळतात, त्याही आभाळ खरंच उघडलं तर. खालच्या टेकलेल्या भिंतीसाठी ते कसंबसं चालेल.

लळिंगचा_वारा (१०:०९)
इथे पटलं. घळीचं मी सांगतो. साठलेल्या बर्फावर पाऊस म्हणजे वजन वाढलं आणि थरांची पकड गेली, असा बर्फ पाऊस चालू असतानाच हिमस्खलन होऊन सुटू शकतो. पूर्ण गोठला तर बराच आवळतो, पण ऊन लागलं की परत ढिला. तुमच्याकडे ऊन १२ ला, मग ९ ला निघून काय करणार? पहाटे हेडलॅम्प लावून निघा, ११ पर्यंत सगळे घळीच्या वाटेतून बाजूला. नाश्ता नंतर.

स्क्रू_ढिला (१०:१३)
बिले देणारा (खालून दोर सांभाळणारा) पडण्याच्या रेषेत नको, खडकाच्या आडोशाला हवा. दोर ड्राय ट्रीटमेंटचा (पाणी न शोषणारा) आहे का? साधा दोर भिजला की ताकद बरीच उतरते, आणि गोठला की बिले डिव्हाइसमधून सरकत नाही. हातमोजे प्रत्येकी तीन जोड. ओल्या स्क्रूच्या नळीत कांडी गोठून बसते, मग तो बर्फात शिरतच नाही. काढल्या काढल्या फुंकून मोकळा करा, कांडी अडली तर जॅकेटच्या आत घाला. दातांवर ठोकू नका.

तापीकाठ (१०:२६)
गाईडला कळवलं: खांब नाही, पहाटे ५ ला निघायचं, अँकर बोल्टला. तो म्हणतो वर बोल्ट आहेत की नाही बघावं लागेल.

पायवाट_पाटणादेवी (१०:२९)
तुमच्याकडून पैसे घेणाऱ्याला हे आधी माहीत हवं होतं. शुक्रवारी दुपारी तिथे जाऊन बघू दे. बाजूच्या वाटेने, घळीतून नाही. आणि पायथ्याशी कान लावायला सांगा: आतून खळखळ येतेय का, ॲक्सच्या दांड्याने टोकल्यावर ठक वाजतं की ढब. ढब वाजलं किंवा खळखळ ऐकू आली तर भिंतही रद्द, ॲडव्हान्स गेला तरी.

भरीत_आणि_कळणा (१०:३१)
ताडपत्री टाकली. ही बर्फाची लादी जळगावात किलोवर देतात का नगावर?