डिमनने (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) आपले लॉग स्वतः फिरवावेत का?

रात्रपाळी: परवा पहाटे डिस्क १०० टक्के भरली. सर्वांत मोठी लॉग फाईल उडवली, तरी डीएफचा (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) आकडा हलेना, आणि डीयूला (फाईलींचे आकार मोजणारी कमांड) ती जागा कुठे दिसेना. दुखणं जुनंच. फाईलचं नाव गेलं, पण प्रोसेसने ती उघडी धरून ठेवलेली. ती सोडेपर्यंत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) जागा मोकळी करत नाही. माझं मत: डिमनने रोटेशनच्या (जुनी लॉग फाईल बाजूला सारून नवी सुरू करण्याच्या) भानगडीत पडूच नये. सिग्नल आला की फाईल बंद करून त्याच नावाने पुन्हा उघडावी, बस. वेब सर्व्हर एनजिनएक्स यूएसआर१ सिग्नलवर हेच करतं. नाव बदलणं, जुन्या फाईली दाबून ठेवणं, पुसणं हे लॉगरोटेट नावाचं वेगळं टूल बघेल.

स्वयंभू: असहमत. म्हणजे लॉगरोटेटची कॉन्फिग टाकायला कोणी विसरलं की बोंब! '१०० एमबीच्या ५ फाईली' ही मर्यादा प्रोग्रॅममध्येच हवी. त्यात लॉगरोटेट बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदा चालतं. एकच एरर लूपमध्ये अडकली तर तेवढा धीर कोणाला?

रात्रपाळी: ते तासातासालाही चालवता येतं. पण चार वर्कर (एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) एकाच फाईलवर लिहीत असतील तर? एकाने नाव बदललं, बाकी तिघं जुन्या फाईलवरच ओततायत. पायथॉनच्या रोटेटिंग फाईल हँडलरने यात भल्याभल्यांना रडवलंय.

आळशी_अॅडमिन: लॉगरोटेटचं कॉपीट्रंकेट लावा (फाईलची प्रत काढून मूळ फाईल तिथेच रिकामी करतं) आणि झोपा.

रात्रपाळी: झोपा, पण कॉपी संपल्यापासून फाईल रिकामी होईपर्यंत आलेल्या ओळी गेल्या समजा. शिवाय फाईल अपेंड मोडमध्ये (नेहमी शेवटी जोडत जाणाऱ्या) उघडलेली नसेल, तर प्रोग्रॅम जुन्या ऑफसेटपासूनच (फाईलमध्ये आधी पोचलेल्या जागेपासूनच) पुढे लिहितो. मग फाईलच्या सुरुवातीला नुसते शून्य बाइट.

कंटेनरवाला: फाईल हवीच कशाला? स्टँडर्ड आउटपुटवर लिहा, पुढचं जर्नलडी (लिनक्सवर लॉग गोळा करणारी सेवा) बघेल. डिस्कवरच्या जर्नलला मूळ सेटिंगमध्येच फाईलसिस्टीमच्या १० टक्क्यांची मर्यादा असते, तीही जास्तीत जास्त ४ जीबी.

स्वयंभू: आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा मूळचा जेसन-फाईल ड्रायव्हर (कंटेनरचे लॉग फाईलमध्ये लिहिणारा भाग)? त्यात मॅक्स-साइझ दिला नाही तर फाईल फुगतच जाते. तुमचं जर्नलडीही एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत साधारण १०,००० संदेश आले की पुढचे गाळतं. म्हणजे आग लागली की नेमका तेव्हाच साक्षीदार गप्प.

कंटेनरवाला: ती मर्यादा वाढवता येते हो.

रात्रपाळी: स्वयंभूंचा एक मुद्दा मान्य: विसरणारा माणूस असतोच. म्हणून लॉगरोटेटची कॉन्फिग पॅकेजबरोबरच आली पाहिजे. पण वर्कर एकाहून जास्त असतील तिथे प्रोग्रॅमने फाईलचं नाव बदलायचं नाही, यावरून मी हटणार नाही.

स्वयंभू: माझा डिमन एकटाच असतो. मी माझ्या ५ फाईलींवर खूश आहे.