जुनं भरतकाम जवळून पाहताना: तुमचे अनुभव लिहा

मोठमोठ्या संग्रहालयांनी जुन्या भरतकामाचे फोटो सगळ्यांसाठी खुले केल्यापासून माझा फोन त्यांनीच भरलाय. बोटांनी चित्र मोठं केलं की टाका न् टाका दिसतो. तुमची नजर कुठल्या नमुन्यावर अडकली आणि जवळून काय दिसलं, ते लिहा. नुसत्या बघणाऱ्यांनीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. बायो टॅपेस्ट्री. नाव टॅपेस्ट्री असलं तरी ती विणलेली नाही, लिननवर लोकरीने भरलेली आहे. लांबी जवळजवळ ७० मीटर, विषय १०६६ ची इंग्लंडवरची स्वारी. मी मात्र घोड्यांवरच अडकले. पलीकडच्या बाजूचे पाय चक्क वेगळ्या रंगात! छटा न वापरता जवळचं-लांबचं दाखवायची ही युक्ती. भरण्याची रीतही हुशार: आधी लोकरीचे दोरे शेजारी-शेजारी पसरायचे, त्यांवर अंतराअंतराने आडवे दोरे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी जागच्या जागी पकडायचे. लोकर जवळपास सगळी वरच राहते, मागे वाया जात नाही.

—

ताई, छान विषय. मी कर्नाटकी कशिदा करते, त्यातही गवंती हा टाका जास्त. जाताना एक घर सोडून एक धावदोरा, येताना रिकामी घरं भरायची. गाठ कुठेच नाही, दोन्ही बाजू सारख्या. हान्स होल्बाइनने १५३६ च्या सुमारास इंग्लंडची राणी जेन सीमोर हिचं चित्र काढलं. ते मोठं करून बघत होते आणि मनगटाजवळच्या झालरीवर काळ्या दोऱ्याची नक्षी दिसली. अहो, ही तर आपली गवंती! पाश्चात्त्य भरतकामात या टाक्याला होल्बाइनचंच नाव आहे. झालरीच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून तिथे दुतर्फा टाकाच हवा. कोणी कोणाकडून घेतला या वादात मी पडत नाही. कापडाचे धागे मोजत बसणाऱ्या कुणालाही हा सुचेल.

—

मला बटणसुद्धा लावता येत नाही, पण बघायला आवडतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिने भरलेला नमुन्यांचा कपडा आहे, त्यावर १५९८ साल भरलंय. ॲलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंदही आहे. वरच्या भागात प्राणी आहेत, आणि त्यातली काही चित्रं चक्क उसवलेली! का उसवली असतील? या एका प्रश्नावर माझी अख्खी संध्याकाळ गेली.

—

हिमाचलमधल्या चंब्याचा भरतकामाचा रुमाल. दोरुखा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा. बाह्यरेषा लघुचित्र काढणारे चितारी आखून देत आणि बायका बिनपिळाच्या रेशमाने भरत, असं वाचलंय. मी त्यातलं एक फूल करून पाहिलं. पीळ नसलेला दोरा नखाच्या खरबरीत कडेलाही अडकतो. आता भरायला बसण्याआधी नखं घासते.

—

जरा कडू बोलते. हल्ली 'शेकडो वर्षांपूर्वीचं दुर्मिळ भरतकाम' म्हणून फिरणारी निम्मी चित्रं संगणकाने बनवलेली असतात. ओळखायला सोपं आहे. दोरा कुठून निघाला आणि कुठे कापडात शिरला ते शोधा, सापडत नाही. सॅटिनचा टाका (आकाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ टाकलेला) वीतभर लांब, तरी कुठे लोंबत नाही! खऱ्या कामात असा टाका पहिल्याच धुण्यात अडकून तुटेल. कापडाची वीण फुलाजवळ येऊन अचानक गायब होते. शिकाऊ मुली असल्या चित्रावरून करायला बसतात आणि जमलं नाही की स्वतःला दोष देतात, याचा राग येतो.

—

वरच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन. माझा नियम सोपा आहे: कापड कुठलं, साल कोणतं, वस्तू कुठे ठेवली आहे, हे लिहिलेलं नसेल तर मी नमुना उतरवून घेत नाही. लिहिलेलं असेल तर आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक टाका धरून मांडते. मोजून केलेलंच काम असं उतरतं. लखनवी चिकनकारीसारखं, कापडावर आधी नक्षी छापून मग भरलेलं उतरत नाही, त्याला ट्रेसिंगच हवं.

—

एक विनंती. पंजाबच्या फुलकारीच्या उलट बाजूचे चांगले फोटो कुणाकडे असतील तर द्या. ती खादीचे धागे मोजत मागच्या बाजूनेच भरतात, म्हणजे करणारीच्या डोळ्यांसमोर पूर्ण वेळ उलट बाजूच असायची. फोटो काढणारे नेमकी तीच बाजू सोडून देतात.