मे महिन्यात श्रीलंका, दोघं, दोन सॅक: दहा दिवसांत बेटाला चक्कर होते का?

चटणी_भाकरी

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, विजापूर रोडला राहतो. लग्नाला दोन वर्षं झाली, पण दोघंच असे कुठं गेलोच नाही. प्रत्येक वेळी सोबत निदान चार माणसं आणि एक कुकर. या मेमध्ये श्रीलंकेला जायचं ठरवतोय. दहा दिवस, पॅकेज नाही, पाठीवर सॅक आणि बस-ट्रेन. नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, मी शिकवण्या घेते, त्यामुळे सुट्टी मेमध्येच.

डोक्यात आहे ते असं: कोलंबो, गॉल, मिरिसाला व्हेल, मग एल्ला, कँडी, सिगिरिया, त्रिंकोमाली, जमलं तर जाफना. होईल का? दुसरं, आम्ही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. उपाशी राहणार नाही ना? आणि तिसरं, सासूबाई म्हणतात, "राहायचं ठरवल्याशिवाय परक्या मुलखात पोरीला घेऊन जाऊलालास?" त्यांना काय सांगू?

पार्कचौक_पक्या

मी पण सोलापूरचाच की ओ. मेमध्ये मिरिसा? इथं ४३ डिग्रीत बसून पावसाची वाट बघायचा कंटाळा आला म्हणून तिकडं भिजायला जाऊलालाव का? बाकी मला काय माहीत नाही, मी गोव्याच्या पुढं गेलेलो नाही.

निवृत्त_बाई

पक्या चेष्टेत बोलला, पण बरोबर बोलला. आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी मेमध्येच जाऊन आलो. मी झेडपीच्या शाळेतून निवृत्त, हे एसटीत कंडक्टर होते. सॅक लेकाच्या जुन्या.

श्रीलंकेत दोन पावसाळे, आणि ते आळीपाळीनं येतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा. तो कोलंबो, गॉल, मिरिसा ही बाजू धुऊन काढतो. त्याच दिवसांत मधल्या डोंगरांच्या पलीकडे, पूर्व किनाऱ्याला, ऊन असतं आणि समुद्र शांत असतो. महाबळेश्वर आणि आपलं सोलापूर, तसं समजा. डिसेंबरच्या सुमाराला सगळं उलटं. म्हणून गॉल-मिरिसा यादीतून काढून टाका. मिरिसाच्या व्हेलचा हंगामही एप्रिलपर्यंतच. तुम्हाला बघायचेच असतील तर त्या दिवसांत त्रिंकोमालीच्या बाजूला दिसतात.

पूर्ण चक्करीचा नाद सोडा, अर्धं बेट बघा. आम्ही चेन्नईहून विमानानं गेलो, सव्वा तासाच्या आसपास लागतो. कोलंबोत न थांबता कँडी, तिथून रेल्वेनं एल्ला, मग बसनं डोंगर उतरून वेल्लवायामार्गे अरुगम बे, किनाऱ्यानं बट्टिकलोआ, त्रिंकोमाली, आणि परतताना सिगिरियाचा खडकावरचा किल्ला. दहा दिवस पुरले, पण ओढाताण झालीच. आज पुन्हा गेले तर बट्टिकलोआ गाळेन. जाफना पुढच्या वेळी.

कँडी-एल्ला गाडीला सहा-सात तास लागतात. आरक्षण लवकर संपतं, पण बिनआरक्षित डब्याचं तिकीट त्याच दिवशी मिळतं. आम्ही तसेच घुसलो, नानू ओयापर्यंत उभे. पट्टीपोला स्टेशन जवळपास १९०० मीटरवर आहे, तिथं मेमध्ये मला शाल काढावी लागली. डब्यात वडे विकायला येतात. आपल्या डाळवड्यासारखेच, पण काहींवर अख्खी कोळंबी चिकटवलेली असते, तेवढं बघून घ्या. मी साधा घेतला. पुडी उलगडली तर कुणाच्या तरी गणिताच्या वहीचं पान, कडेला लाल शाईची बरोबरची खूण. मी ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. हे म्हणाले, "आता तपासून परत पाठवणार आहेस का?"

जेवणाचं सांगते. वरण-भात, फणसाची भाजी, इडियप्पम म्हणजे तांदळाच्या शेवया, खोबऱ्याची चटणी, सगळं मिळतं. धोका त्या चटणीतच. तिला पोल सांबोल म्हणतात आणि तिच्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा चुरा असतो, उंबलकड. तो कधी भाजीतही पडतो, आणि त्यांच्या लेखी ती भाजी शाकाहारीच. "व्हेज" एवढं म्हणून भागत नाही. "उंबलकड एपा" म्हणा, म्हणजे तो नको. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. दोन दिवस काय खाल्लं ते देवाला ठाऊक. पूर्वेला तमिळ वस्ती आली की "सैवम" असं लिहिलेली खानावळ शोधा, तिथं निर्धास्त. नाश्त्याला मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाचा काकवीसारखा पाक. तेवढ्यासाठीही जावं.

बसबद्दल ह्यांनी तासभर सांगितलं असतं. सरकारी बस लाल, आपल्या लालपरीसारखी, आणि तोंड बघूनच हे ओरडले, "अगं, अशोक लेलँड!" खासगी बसचा कंडक्टर दारात लोंबकळून गावांची नावं एका दमात म्हणतो, नोटा लांब घडी घालून बोटांच्या बेचक्यात. ह्यांनी त्याला खुणेनं सांगितलं, मीपण हेच काम केलं. त्यानं ह्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. माझे घेतले. दाराजवळची पहिली सीट भिक्खूंसाठी राखीव असते. मी अजाणता बसले आणि उठावं लागलं.

वेसाकची तारीख मात्र आधी बघा. म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. दोन दिवस सुट्टी, सगळीकडे कागदी कंदील, रस्त्यावर दन्सल नावाची फुकट अन्नछत्रं, आणि बस-ट्रेनला गड्ड्याच्या यात्रेची गर्दी. आम्ही तेव्हा कँडीत होतो. खोली मिळेना, रात्री साडेनऊला एका आजीनं दिली.

सासूबाईंना पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचं बुकिंग दाखवा, वेसाक मध्ये येत असेल तर त्या रात्रींचंही. बाकी ठिकाणी होमस्टे आदल्या दिवशी मिळून गेला. रोज संध्याकाळी एक फोटो पाठवा, त्यात पाठीमागं घर दिसू द्या, समुद्र नको.

आणखी एक. आम्ही रोज आलटून पालटून कारभारी होतो. ज्याचा दिवस, त्याच्याकडे पैशाचं पाकीट. कुठं उतरायचं, रिक्षा करायची की चालायचं, तो ठरवणार आणि दुसऱ्यानं कुरकुरायचं नाही. हे पाळलं नाही तेव्हाच भांडण झालं. अरुगम बेजवळच्या पोट्टुविलच्या स्टँडवर भर उन्हात दोघं वेगवेगळ्या बाकड्यांवर बसलो होतो. दिवस माझा होता, हे मला आजही ह्यांच्याकडून मान्य करून घ्यायचंय.

आणि टॉवेल. तुमचे मिस्टर कारखान्यातले म्हणून मुद्दाम सांगते, सोलापुरी टर्किश टॉवेल नेऊ नका. ह्यांनी हट्टानं दोन नेले. पूर्वेला पारा आपल्यापेक्षा कमी, पण दमट हवेत घामच वाळत नाही तर टॉवेल कुठला वाळतोय! तिसऱ्या दिवशी कुबट वास, आणि ओलं वजन पाठीवर. शेवटी दोन्ही त्रिंकोच्या घरमालकिणीला देऊन टाकले, तिनं धुऊन कडक उन्हात टाकले आणि खूष झाली. एक पातळ पंचा पुरतो.

होटगी_ते_कुठेही

जाफना करायचंच असेल तर तमिळनाडूतल्या नागपट्टणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंथुराईला बोट आहे, साधारण चार तास. २०२३ मध्ये सुरू झाली, बंद पडली, ऑगस्ट २०२४ पासून परत. समुद्रावर अवलंबून असते, म्हणून परतीचं विमान तिच्या भरवशावर काढू नका. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी सरकारी साइटवरच काढा, मिळत्याजुळत्या नावाच्या साइट जास्त पैसे घेतात. सिगिरियाला सार्क देशांना, म्हणजे आपल्यालाही, तिकीट कमी आहे, पासपोर्ट खोलीवर विसरू नका.

चटणी_भाकरी

बाई, खूप खूप आभार. गॉल-मिरिसा काढलं, जाफनाही. सिगिरियाच्या पायऱ्या मेच्या उन्हात झेपतात का?

निवृत्त_बाई

बाराशेच्या आसपास आहेत. सकाळी दार उघडताच चढा, दहाच्या आत खाली या. ह्यांचा गुडघा तरीही गेला, ते वाटेतल्या सिंहाच्या शिल्पाच्या पंज्यांपाशीच बसून राहिले. वर मी एकटीच गेले.

चटणी_भाकरी

तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. टॉवेलपाशी गप्प झाला. एक बाहेर काढलाय. चादरीवर अजून बोलणी चालू आहेत.

पार्कचौक_पक्या

चादर न्यावा की ओ, पट्टीपोल्याला लागंल.

निवृत्त_बाई

पक्या, तू गप बस.