[मंडळ] आबांसाठी किंडल की टॅब? दिग्या शुक्रवारी निघतोय

प्रेषक: विजू

मंडळी,

दिग्या शुक्रवारी रात्रीच्या विमानानं तिकडून इकडं यायला निघतोय, तेव्हा उद्यापर्यंत ठरवायला पाहिजे. मी अजून कोल्हापुरात राजारामपुरीतच आहे. आबांच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं व्यवस्थित. डॉक्टरांनी वाचायला हरकत नाही म्हटल्यापासून घरात दुसरा विषय नाही. मोबाइलवर दोन बोटांनी पान ताणत बसतात आणि मान दुखली की आईवर डाफरतात. सुमाकाकूंनी मागं दिलेला तो पेनड्राइव्ह आहे, सगळी जुनी पुस्तकं. शिवाय दुपारी पेपरच्या बाकीच्या आवृत्त्या बघायच्या असतात.

किंडल (ॲमेझॉनचं ते पुस्तकं वाचायचं यंत्र) घेऊ की दहा-अकरा इंची टॅब? दिग्या दोन्हीतलं एकच आणणार म्हणतोय. तिकडं घ्यावं की इथंच, तेही सांगा.

विजू

——
प्रेषक: अभय

किंडल. ह्यात विचारायचं काय आहे?

टॅब म्हणजे डोळ्यांवर बॅटरी मारून घेणं. किंडलचा पडदा ई-इंकचा. त्यात बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेच्या भारानं कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की तसंच राहतं, वीज लागते ती पान उलटताना. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. किंडलच्या पेपरव्हाइट मॉडेलचं वजन 200 ग्रॅमच्या जरासं वर. साधा आयपॅड 477 ग्रॅमचा आहे. आबा आडवे होऊन वाचणार, झोप लागली की थेट नाकावर. मराठी पुस्तकंही 2016 च्या डिसेंबरपासून किंडलवर अधिकृत मिळतात. विषय संपला.

अभय

——
प्रेषक: सुमाकाकू

विजू, आबांची तब्येत ऐकून बरं वाटलं. आईला सांग, मी रविवारी फोन करते.

एक स्पष्ट करते. तो पेनड्राइव्ह ‘सुमाकाकूंनी दिलेला’ नाही, ग्रंथपेटी समितीचा आहे. त्यात फक्त हक्क संपलेली पुस्तकं आहेत, म्हणजे लेखक जाऊन 60 वर्षं उलटलेली. समितीत कोण होतं आणि रात्र रात्र बसून याद्या कुणी केल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता अभय, तुझ्या किंडलचं. ती पुस्तकं स्कॅन केलेली आहेत. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजलंस तर दहा इंचांच्या थोडं वर. सहा इंची किंडलवर तेच पान बसवलं की अक्षर मूळच्या साठ टक्के उरतं. ज्याचा मोतीबिंदू आत्ताच काढलाय त्याला हे देणार?

सुमा

——
प्रेषक: अभय

> सहा इंची किंडलवर

सहा इंची ते साधं किंडल, काकू. पेपरव्हाइट आता सात इंची आहे. आणि स्कॅन आहे म्हणून काय झालं, कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पीडीएफ टाकायची, ई-पुस्तक करून घ्यायचं, अक्षर पाहिजे तेवढं मोठं. पाच मिनिटांचं काम.

——
प्रेषक: प्रसाद

> पाच मिनिटांचं काम.

अभ्या, तू मराठी पुस्तकावर हे कधी केलंयस का? विजू, ह्याच्या नादाला लागू नकोस, मी सविस्तर लिहितो.

पीडीएफ दोन जातीच्या असतात. पहिली स्कॅनची, म्हणजे पानाचा फोटो. कॅलिबरला फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत, ते फोटोच पुढं ढकलतं. अक्षरं ओळखणारी साधनं आहेत, गुगल ड्राइव्हवरही मराठी चालतं, पण खिळ्यांच्या छपाईचं जुनं पान, पिवळा कागद, तुटलेली वेलांटी असली की जोडाक्षरांचा चुराडा होतो. मग ओळ न ओळ तपासा. एका पुस्तकासाठी हौसेनं करेल कुणी. आख्ख्या पेनड्राइव्हसाठी कोण बसणार?

दुसरी जात जास्त फसवी. पान स्वच्छ दिसतं, अक्षर काळंभोर, संगणकावरच जुळवलेलं. तुम्हाला वाटतं हे तरी बदलता येईल. पण युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) रुळायच्या आधी आपल्याकडं सगळं डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत व्हायचं. त्यात फाइलीत प्रत्यक्ष रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. रूपांतरात फॉन्ट गळला की ‘कोल्हापूर’च्या जागी डॉलर, कंस आणि टोपीवाली रोमन अक्षरं उरतात. फुकट मिळणाऱ्या मराठी पीडीएफमध्ये हे जागोजाग आहे.

म्हणून आधी यंत्र ठरवू नका. आबा काय वाचणार ते बघा. स्कॅन आणि ई-पेपर असेल तर मोठा पडदा, दुसरा इलाज नाही. पैसे टाकून युनिकोडमधली नवी पुस्तकं विकत घेणार असतील तर ई-इंकसारखं सुख नाही. माझ्याकडं दोन्ही आहे आणि मी कादंबरीसाठी टॅब हातातसुद्धा धरत नाही.

तिसरा मार्गही आहे: ऑनिक्स बूक्सचं 10.3 इंची. ई-इंकच, पण आत अँड्रॉइड, त्यामुळं मराठी ई-पुस्तकं विकणाऱ्या बुकगंगाचं ॲपही टाकता येतं. किंडलवर दुसऱ्यांची ॲप चढत नाहीत. फक्त किंमत बघून आबांना पुन्हा डॉक्टरकडं न्यावं लागेल.

प्रसाद

——
प्रेषक: खजिनदार

सर्वांना नम्र विनंती. ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे. गणपतीच्या वर्गणीची मेल जाऊन बरेच दिवस झाले, तिला आलेली उत्तरं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. इथं मात्र सकाळपासून धो धो चाललंय. खरेदीच्या चौकशा व्हॉट्सॲपवर कराव्यात.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. टॅब घ्या. माझे सासरे भजनं ऐकतात, नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. नुसत्या पुस्तकासाठी एवढे पैसे कोण घालतं?

——
प्रेषक: वैशाली

खजिनदारसाहेब, वर्गणी दिलीय बरं का, पावतीच आली नाही.

विजूभाऊजी, डोळ्यांचं मी लिहिते, कारण अभय भाऊजींचं ते बॅटरीचं वाक्य मला पटलं नाही. टॅबनं डोळे खराब होत नाहीत. एकटक बघताना पापणी कमी लवते, डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. हे पुस्तक वाचतानाही होतं. झोपेचं म्हणाल तर 2014 मध्ये बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयातला एक अभ्यास गाजला होता. निजण्याआधी चार तास आयपॅडवर वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागली. पण माणसं 12, सगळी तरुण, आणि उजेड पूर्ण वाढवलेला. आबा दुपारी वाचणार असतील तर तो मुद्दाच नाही. किंडललाही दिवा असतो, फक्त तो कडेनं पडद्यावर पडतो, डोळ्यात येत नाही.

आबांच्या वयात खरी अडचण असते अक्षर आणि कागद ह्यांतल्या फरकाची. ई-इंकची पाटी करडी असते. फिकट स्कॅन त्यावर आणखी फिकट दिसतं. टॅबवर उजेड वाढवता येतो, काळ्यावर पांढरं करता येतं. काहींना तेच सोपं जातं, म्हणून आधी आबांना दाखवून बघा.

आणि महत्त्वाचं, जवळचा नंबर कायम व्हायला ऑपरेशननंतर महिना-दीड महिना जातो. तोवर कुठलंही यंत्र आणलंत तरी ते ‘दिसत नाही’ म्हणणारच.

वैशाली

——
प्रेषक: बाळासाहेब (सध्या मुक्काम नागाळा पार्क)

मी दोन वर्षांपूर्वी परत आलो तरी यादीवरून नाव काढलं नाही, म्हणून बोलतो.

आबांना घेऊन करवीर नगर वाचन मंदिरात जा की. 1850 पासून चालू आहे. तिथं चार माणसं भेटतील, पेपरवर वाद घालतील, चहा होईल. घरात कोंडून पाटी हातात दिली की माणूस आणखी चिडका होतो. आमचे थोरले बंधू बघतोय रोज.

पण घ्यायचंच असेल तर किंडल घ्या. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कुठल्या कुठं मागं टाकली होती. लाईट नाही, मोबाइल बंद. माझी खालच्या मजल्यावरची दोन कपाटं पुस्तकं गेली, पानं फुगून दारंच उघडेनात. भाच्याचं किंडल तेवढं चालू. माळ्यावर बसून आम्ही आळीपाळीनं वाचलं.

——
प्रेषक: अभय

> भाच्याचं किंडल तेवढं चालू.

बघा! मी काय म्हणत होतो?

——
प्रेषक: मकरंद

> माझी खालच्या मजल्यावरची दोन कपाटं

बाळासाहेब, नागाळा पार्कात तुमच्या गल्लीत पाणी होतं? आमच्या मामांचं घर तिथंच मागं आहे, ते म्हणाले फक्त कोपऱ्यापर्यंत आलं. शाहूपुरीत कुंभार गल्लीत मात्र गणपतींचं लई नुकसान झालं.

——
प्रेषक: बाळासाहेब

मामांचं घर चढावर आहे. त्यांना काय कळणार.

——
प्रेषक: दिग्या

पुराचं नंतर बोला, मला दुकानात जायचंय.

माझी बॅग भरत आली. खजिनदारांच्या सासऱ्यांचं मिक्सरचं भांडं, सुमाकाकूंचा खजूर, आणि कुणी तरी (नाव घेत नाही) स्टँडसकट सायकलचा पंप दिलाय. तेव्हा एक सपाट वस्तू, बस.

आणि मला विचाराल तर टॅब तिथंच घ्या. काच फुटली, बॅटरी फुगली तर वॉरंटीसाठी परत माझ्याकडं पाठवणार काय? मागं एकाच्या फोनचं तसंच झालं, इथल्या दुकानदारानं तिकडं बोट दाखवलं आणि तिकडच्यानं इथं. किंडल पाहिजे असेल तर आणतो, नोंदणी भारतातल्या खात्यावर होते. प्रसादचं ते महागडं यंत्र मी आणणार नाही. बिघडलं तर राजारामपुरीत ते उघडणारा कोण आहे?

——
प्रेषक: प्रसाद

> बिघडलं तर राजारामपुरीत ते उघडणारा कोण आहे?

हे मात्र खरं आहे.

——
प्रेषक: सुमाकाकू

दिगंबर, खजूर हातातल्या पिशवीत घे, बॅगेत चेपतो. आणि ग्रंथपेटीची नवी यादी तयार आहे, ज्यांना हवी त्यांनी माझ्याकडंच मागावी. परस्पर एकमेकांना फाइली पाठवू नयेत, कुणाकडं काय गेलं ह्याचा हिशेब राहत नाही.

——
प्रेषक: विजू

वैशालीवहिनींनी सांगितलं तसं केलं. शेजारच्या पोराचा टॅब आणि माझ्या बहिणीचं किंडल, दोन्ही आबांपुढं ठेवलं, दोन्हीवर पेनड्राइव्हमधलं तेच पुस्तक. किंडलवर पान मोठं केलं की ओळ अर्धी बाहेर जाते, सरकवून परत आणायला लागते आणि दरवेळी पडदा काळा होऊन लुकलुकतो. आबांनी दोन पानं सोसली आणि बाजूला ठेवलं. टॅब आडवा धरला, अर्धं पान मोठ्या अक्षरात, बोटानं खाली सरकवत गेले. पेपरही उघडून बघितला. जड आहे म्हणाले, पण मांडीवर उशी घेतली.

मग बहिणीनं किंडलवर तिची विकत घेतलेली एक कादंबरी लावून दिली, तर तासभर हलले नाहीत. म्हणजे प्रसादचं बरोबर. पण आबांचा जीव त्या जुन्या पुस्तकांत आहे, नव्यांना ते पैसे घालणार नाहीत.

तेव्हा टॅब, अकरा इंची, इथंच घेतो. नंबर येऊन चष्मा हातात पडला की दसऱ्याच्या आत. दिग्या, तू फक्त स्टँडचं कव्हर आण, इथल्या दुकानांत दिसतात ती सगळी लुळी आहेत. बाळासाहेब, वाचन मंदिराचं आबांना विचारलं. मित्र तिथं असतात म्हणून जाणार आहेत, वाचायला नाही म्हणे.

विजू

——
प्रेषक: दिग्या

कव्हर कुठल्या मॉडेलचं? टॅब घ्यायच्या आधी कव्हर कसं आणू? उद्या दुपारी चारपर्यंत नक्की मॉडेल कळव, नाहीतर त्या जागेत मी सायकलचा पंप कोंबतोय.