मदत हवी आहे: भावाला डोक्याला मॅग्नेटची मशीन लावा म्हणलालेत, लावावी का?

उदगीरकर_८७
मोठ्या भावाला (अण्णा) डॉक्टरांनी आरटीएमएसच्या, म्हणजे त्या मॅग्नेटच्या मशीनच्या, २० सिटिंग सांगितल्यात. दारूची तलफ कमी होते म्हणे. आठवड्यात ५ दिवस, एका सिटिंगचे १८००. लातूरला करावं, नांदेडला की सरळ हैदराबादला? आम्हाला हैदराबादची गाडी सोयीची पडते. कोणी केलंय का? फरक पडतो का नाही एवढंच सांगा. व्यसनमुक्ती केंद्र दोनदा झालंय, ते सल्ले नकोत. सोमवारी पैसे भरायचेत, लवकर बोला.

पाटोद्याचा_पावणा
छत्तीस हजार कशाला घालता. दारू सोडायची गोळी येते, मेडिकलवाला ओळखीचा असला की देतो. वरणात टाकून द्यायची, त्याला सांगायचं नाही. आमच्या मामाची अशीच सुटली. पिला की उलट्या होऊन बेजार व्हायचा.

सिस्टर_परभणी
पावणं, हा उद्योग कुणाला शिकवू नका. डायसल्फिराम चोरून दिली आणि माणूस बाहेर पिऊन आला तर बीपी एकदम पडतं, हृदयावर येतं. ती गोळी पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनंच देतात. तुमच्या मामाचं नशीब.
उदगीरकर, तलफ सोडून दुसरा काही आजार आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? कधी आकडी आली होती का? डोक्यात काही धातू?

पाटोद्याचा_पावणा
सिस्टर, मामा आज नातवाला शाळेत सोडतो. नशीब म्हणा नाहीतर काही म्हणा.

देगलूरकर_अप्पा
शॉकच आहे तो, नाव बदललंय फक्त. आमच्या गल्लीत एकाला दिले, बायकोचं नाव विसरला. देऊ नका.

चाकूरची_लेक
अप्पा, शॉक नाही तो. मी स्वतः घेतलंय, दारूसाठी नाही, नैराश्यासाठी. हैदराबादला मावशीकडे महिनाभर राहून. शॉकला भूल देतात, इथं भूलबिल काही नाही. खुर्चीत बसवतात, कानात बोळे देतात, कपाळाच्या डाव्या बाजूला वरती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं टेकवतात. मग टक टक टक टक, सुतारपक्षी बसल्यासारखं, मधे थांबतं, परत चालू. पहिल्या दिवशी भुवई आणि दात आपोआप हलले तेव्हा मी घाबरून रडले. आधी अंगठा हलतो का बघून जोर किती ठेवायचा ते ठरवतात. डोकं दुखायचं, पॅरासिटामॉल घेतली की बरं. चौथ्या आठवड्यात एक दिवस मावशीला म्हणाले, आज भाजी मी करते. तेवढंच. काही लई चमत्कार नाही झाला, पण भाजी केली. गोळ्या मात्र चालूच होत्या, अजून आहेत.

निळी_शाई
माहितीसाठी: हे तंत्र १९८५ ला इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर यांनी पहिल्यांदा दाखवलं. वेटोळ्यातून वीज झटक्यानं सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आत जातं आणि तिथल्या पेशींत बारीक वीज उठते. अमेरिकेत २००८ ला नैराश्यासाठी मान्यता मिळाली, २०१८ ला ओसीडीसाठी (तेच तेच विचार, तीच तीच कृती होण्याचा आजार), २०२० ला सिगारेट सोडण्यासाठी. दारूसाठी तशी मान्यता नाही. डोक्यावर ओल्या स्पंजाचे पॅड ठेवून १-२ मिलीअँपिअर सोडतात ते टीडीसीएस, ते वेगळं.

देगलूरकर_अप्पा
शेफील्ड राहू द्या, उदगीरचं सांगा. दारूसाठी मान्यता नाही असं तुम्हीच म्हणता, मग पैसे कशाचे घेतात?

निळी_शाई
मान्यता नाही म्हणजे उपयोग नाही असं होत नाही. काही अभ्यासांत तलफ कमी झालेली दिसली, काहींत नाही. आणि तलफ कमी झाली म्हणजे दारू सुटली, असंही नाही.

गुडघेदुखी_जिंतूर
मॅग्नेटनं फरक पडतो हे खरं आहे. माझ्या आईनं गुडघ्याला पट्टा बांधला, मोंढ्यात मिळतो, साडेचारशेचा. आता बिनकाठीची चालते.

उदगीरकर_८७
गुडघ्याचं कोण विचारलं?
सिस्टर, आजार म्हणजे बायपोलर, कधी लई चढतो कधी लई पडतो तो, २०१६ पासून. त्याची लिथियमची गोळी चालू आहे, रात्री एक झोपेची. पण मी दारूचं विचारलालोय, त्याचा काय संबंध? नांदेडला मशीन आहे का नाही ते सांगा ना कोणीतरी.

सिस्टर_परभणी
संबंध आहे म्हणूनच विचारते. बायपोलर असला की या मशीननं कधीकधी माणूस उलट दुसऱ्या टोकाला जातो. झोप नको, बडबड, उधळपट्टी. डॉक्टर त्यावर लक्ष ठेवतात, पण घरच्यांनी पण ठेवावं लागतं. अण्णा पितो तेव्हा उदास असतो का जास्तच चढलेला?

उदगीरकर_८७
दोन्ही. सोयाबीनचे पैसे आले की चढतो आणि पितो, पैसे संपले की पडून राहतो आणि पितो.

पाटोद्याचा_पावणा
यंदा सोयाबीनचे आले तरी किती. तुमच्याकडं काय भाव लागला?

सिस्टर_परभणी
भाव नंतर. आकडी आणि धातूचं उत्तर राहिलं.

उदगीरकर_८७
आकडी एकदाच. केंद्रात, दारू बंद केली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती दारूची होती, त्याची मिरगी नाही. आणि कपाळात ऑपरेशन करून बसवलेली धातूची पट्टी आहे. नळेगावजवळ मोटारसायकलवरून पडला होता २०१९ ला. हे डॉक्टरला सांगितलं नाही, त्यांनी डोक्याला मार लागलाय का विचारलं तर अण्णा नाही म्हणाला. दिसत पण नाही आता.

चाकूरची_लेक
दादा, माझ्याकडून फॉर्म भरून घेतला होता त्यात पहिला प्रश्न धातूचा, दुसरा आकडीचा. मी कानातले विसरले होते तर ते पण काढायला लावले.

सिस्टर_परभणी
पट्टी आहे म्हणून मशीन लावताच येत नाही असं नाही. टायटॅनियमची असली तर बऱ्याचदा चालतं, पण ती कोणती आणि कुठं आहे हे डॉक्टरला कळल्याशिवाय नाही. आणि या मशीनचा सगळ्यात मोठा धोका आकडीचाच. क्वचित येते, पण ज्याला आधी आलीये आणि दारू आत्ताच बंद झालीये, त्याला जास्त. शेवटची कधी प्याला?

उदगीरकर_८७
परवा रात्री. डॉक्टर म्हणाले सिटिंगच्या आधी बंद पाहिजे, म्हणून कालपासून घरातच ठेवलाय, दार लावून. हात थरथरलालेत, घाम आहे, सकाळपासून दोनदा उलटी. लिथियम दिली तशी.

सिस्टर_परभणी
दार उघडा आणि आत्ता सरकारी दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८. रोज पिणाऱ्याची दारू घरी अशी एकदम बंद करायची नसते. गेल्या वेळी आकडी आली ती यातच आली. उलट्या आणि घामानं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात चढतं, ते वेगळंच. पुढची गोळी द्यायची का ते तिथं विचारूनच. तिथं गेल्या गेल्या सांगा: रोजचा पिणारा, शेवटची परवा, आधी आकडी आलेली, लिथियमवर आहे. या चार गोष्टी. गोळ्यांची पाकिटं सोबत.

देगलूरकर_अप्पा
जा बाबा लवकर. शॉकचं मी उगाच बोललो.

निळी_शाई
वाटेत काही लागलं तर टेलि-मानस (सरकारची मानसिक आजाराची हेल्पलाइन) १४४१६, मराठीत बोलतात. पण आधी दवाखाना.

गुडघेदुखी_जिंतूर
पट्टा रात्री काढून ठेवायचा, हे सांगायचं राहिलं.

उदगीरकर_८७ (दुसऱ्या दिवशी दुपारी)
कालच भरती केलं. सलाईन लावलं, त्यात बी-१ का काय सोडलं, एक इंजेक्शन दिलं, झोपलाय. आकडी आली नाही. लिथियम तपासायला रक्त लातूरला पाठवलंय. सिस्टर, वेळेवर बोललात. मशीनवाल्या डॉक्टरला फोन करून पट्टीचं सांगितलं, ते गरम झाले, आधी काऊन सांगितलं नाही म्हणून. पैसे सध्या भरू नका म्हणाले, ऑपरेशनचा कागद आणा. कागद घरात नाही, पुरात गेला असेल. एक्स-रेवरून कळतं का पट्टी कशाची आहे?

सिस्टर_परभणी
एक्स-रेत पट्टी दिसते, धातू कळत नाही. जिथं ऑपरेशन झालं तिथं डिस्चार्जची नक्कल मागा. २०१९ चं आहे, तारीख आणि पूर्ण नाव घेऊन जा. नाही म्हणाले तरी दुसऱ्यांदा जा.