मदत हवी आहे: शुक्रवारची फेरी गाठायची आहे, घरून किती वाजता निघू?

मृद्गंध (सोमवार, संध्याकाळी ७:४०)
येत्या शुक्रवारी दुपारी सव्वाबाराची फेरी (गाडीसकट नेणारी बोट) आहे, ब्रिटनमधून सुटणारी. आई-बाबा आणि चार वर्षांची मुलगी बरोबर आहेत. गूगल पाच तास दाखवतंय, पण दर वेळी बघितलं की वेगळा आकडा. नवरा म्हणतो पहाटे पाचला निघू, मला वाटतं तीनलाच निघावं. कोणी केलं असेल तर नक्की वेळ सांगा. थांबायला बरी जागा कुठली तेही सांगा. आज रात्री ठरवायचंय, लवकर उत्तर द्या प्लीज.

केंटकर
कुठून निघणार? कुठल्या बंदरावरून फेरी? धाग्यात एकाही गावाचं नाव नाही.

चाकोरी
वेल्समधलं होलीहेड असेल तर बर्मिंगहॅमपाशी एम६ मोटरवेवर अडकू नका, सरळ टोलचा एम६ घ्या. पुढे ए५५ वर कॉन्वीचा बोगदा ओलांडला की रस्ता मोकळा मिळतो. आम्ही डब्लिनला नेहमी असेच जातो. समुद्रकिनाऱ्याच्या कडेने जाणारा तो पट्टा फार सुंदर आहे, दिवसाउजेडीच जा.

मृद्गंध
होलीहेड नाही हो! डोव्हर ते कॅले, तिथून पॅरिस. लीड्सहून निघणार. किती वाजता निघायचं एवढंच सांगा.

केंटकर
येता शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. हे लक्षात घेऊनच वेळ ठरवा. ईस्टरचा आणि शाळांच्या उन्हाळी सुट्टीचा पहिला शनिवार-रविवार डोव्हरला सगळ्यात वाईट. २०२२ च्या जुलैत गाड्या तासन् तास अडकल्या होत्या, २०२३ च्या ईस्टरआधी कोच रात्रभर उभे होते. कारण असं की फ्रान्सचा पासपोर्ट तपास पलीकडे गेल्यावर होत नाही, डोव्हरलाच होतो. प्रत्येक पासपोर्ट तपासायला थोडा जास्त वेळ लागला तरी मागची रांग शहरात पोचते. त्यात ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी प्रणाली आली आहे, बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी. तो वेळही धरा.

आता उलटं मोजा. तिकिटावर सुटण्याच्या वेळेखेरीज चेक-इन बंद होण्याची वेळ असते, ती खरी वेळ. तुम्ही दहापर्यंत बंदराच्या दाराशी हव्यात. लीड्स ते डोव्हर सुमारे २७० मैल, म्हणजे न थांबता पाच तास. लहान मूल आणि वडीलधारी माणसं, तेव्हा दोन थांबे धरा. एम२५ आणि डार्टफर्डच्या पुलासाठी एक तास वेगळा ठेवा. पाचला निघालात तर हाती काहीच उरत नाही. तीन बरोबर.

रस्ता: ए१, पुढे ए१४, एम११, एम२५. थांबा पीटरबरोला किंवा एम११ वर बर्चेंजर ग्रीनला. सर्व्हिसेसमध्ये (मोटरवेवरच्या थांब्यांवर) दोन तास पार्किंग फुकट, त्यापुढे कॅमेरा दंड लावतो, म्हणून तिथे झोपू नका. डार्टफर्डला पैसे घ्यायला खिडकी नाही. सकाळी ६ ते रात्री १० शुल्क लागतं, ते ऑनलाइन, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरायचं.

बंदरावरचा
लीड्सहून डोव्हर कशासाठी? एम६२ ने हलचं बंदर तासा-सव्वातासावर आहे. संध्याकाळी बोटीत बसा, केबिनमध्ये झोपा, सकाळी रॉटरडॅम. एम२५ नाही, डार्टफर्ड नाही.

केंटकर
त्यांचं तिकीट काढून झालंय. शिवाय रॉटरडॅमच्या युरोपोर्ट बंदराहून पॅरिस जवळपास पाचशे किलोमीटर, कॅलेहून तीनशेच्या आत. केबिनचे पैसे वेगळे.

बंदरावरचा
पैशांपेक्षा चालवणाऱ्याची झोप महत्त्वाची. पहाटे तीनला निघालेला माणूस २७० मैल चालवणार, मग पलीकडे आणखी १८० मैल, तेही उजव्या बाजूने. पॅरिसच्या रिंग रोडवर पोचेल तेव्हा त्याला जागून किती तास झाले असतील? गाडीत लहान मूल आहे, वयस्क माणसं आहेत. मला हे अजिबात पटत नाही.

केंटकर
हे मात्र मान्य. मृद्गंध, गुरुवारी रात्रीच खाली येता येईल का? संध्याकाळी सातनंतर निघा, मेडस्टन किंवा ॲशफर्डला मुक्काम करा. सकाळी बंदर तासाभरात.

ट्रॅफिकप्रेमी
फेरी रद्द करून शटल घ्या. फोकस्टनला गाडी ट्रेनमध्ये चढवायची, ३५ मिनिटांत कॅले. गाडीतून उतरावंही लागत नाही. फेरीत गाडी खाली ठेवून जिने चढून वर जावं लागतं, प्रवासात कोणालाही गाडीत बसू देत नाहीत. तुमच्या आई-बाबांना जिने जमतात का?

मृद्गंध
आईचे गुडघे दुखतात. पण आता तिकीट बदलायचं नाही, बाबांना बोटच हवी आहे, डोव्हरचे पांढरे कडे बघायचे आहेत त्यांना.

ट्रॅफिकप्रेमी
मग फेरी कंपनीला आत्ताच कळवून ठेवा आणि चेक-इनच्या खिडकीवर पुन्हा सांगा. लिफ्टजवळ गाडी लावून देतात. कडे बघायला मागच्या डेकवर जायचं, बोट सुटल्या सुटल्या.

आजीचा_डबा
आईंना बोट लागत असेल तर बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बसवा. आलेपाकाची वडी जवळ ठेवा, गोळी द्यायची तर निघण्याआधी. डब्यात दहीभात आणि तुपाच्या पोळ्या न्या, सर्व्हिसेसमधलं खाणं महाग आणि आई-बाबांना आवडणारही नाही.

अनामिका७
ताई, दही-तूप नको. ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. २०२१ च्या जानेवारीत हॉलंडच्या बंदरावर ट्रकवाल्यांची हॅम सँडविचं काढून घेतली होती. तेलाच्या पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी न्या. दहीभात न्यायचाच तर डोव्हरच्या आत संपवा.

आणि मृद्गंध, व्हिसा? आई-बाबांकडे शेंगेन आहे ना? ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही.

मृद्गंध
आहे हो, फ्रान्सचाच, भारतातून करून आलेत. माझा आणि नवऱ्याचाही आहे. मुलगी ब्रिटिश.

अनामिका७
छान. व्हिसावरच्या तारखा आणि किती वेळा प्रवेश तेही वाचून घ्या. तुमचे ब्रिटनचे ई-व्हिसा आत्ताच्या पासपोर्टला जोडलेले आहेत ना? पासपोर्ट नवा केला असेल तर ई-व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात तो घालावा लागतो. परतीचा ब्रिटिश तपास कॅलेलाच होतो.

चाकोरी
फ्रान्समध्ये मोटरवेवर वेगमर्यादा १३०, पाऊस असेल तर ११०, ताशी किलोमीटरमध्ये. टोल लागतो, कार्ड चालतं, पण टोलची खिडकी डाव्या बाजूला असते. तुमच्या गाडीत त्या बाजूला चालकाशेजारचा माणूस बसतो, कार्ड त्याच्या हाती द्या. गाडीत त्रिकोण आणि चमकणारी जाकिटं हवीत. हेडलाइटला स्टिकर लावा. मागे देशाच्या नावाचा जुना जीबीचा स्टिकर असेल तर काढा, सप्टेंबर २०२१ पासून यूके लागतं.

केंटकर
गाडी तुमची स्वतःची ना? विम्याला कळवलंत?

मृद्गंध
विम्याला कळवलंय, युरोप कव्हर आहे. गाडी नवऱ्याच्या ऑफिसमधून लीजवर आहे. का?

केंटकर
हे आधी हवं होतं. लीजच्या गाडीचं नोंदणीपत्र तुमच्याकडे नसतं, लीज कंपनीकडे असतं. त्याच्या जागी व्हीई१०३ नावाचं प्रमाणपत्र लागतं, गाडी परदेशी न्यायला मालकाची परवानगी आहे असं सांगणारं. ते लीज कंपनीमार्फत मिळतं. शुक्रवारी सुट्टी आहे, म्हणजे तुमच्या हातात मंगळ, बुध, गुरू एवढेच दिवस. उद्या ऑफिस उघडताच नवऱ्याला फोन करायला सांगा. पोस्टाने पाठवतो म्हणाले तर दुसऱ्या दिवशी मिळेल अशा पोस्टाने मागा, आणि ईमेलने प्रत मिळते का तेही विचारा.

मृद्गंध
बापरे. याबद्दल कोणीच बोललं नव्हतं. नवऱ्याला आत्ताच उठवते. निघण्याचं ठरलं: गुरुवारी सातला, ॲशफर्डला मुक्काम. तिथून बंदरावर कुठल्या रस्त्याने?

ट्रॅफिकप्रेमी
एम२०, सरळ.

केंटकर
आधी रहदारी बघा. बंदर तुंबलं की एम२० वर ८ ते ९ जंक्शनच्या मध्ये ट्रक उभे करून ठेवतात. तुम्ही ॲशफर्डला त्याच्या पुढे असाल, पण डोव्हरआधी ए२० वर ट्रकसाठी डावी लेन राखून ठेवतात. तसा फलक दिसला तर उजव्या लेनमध्ये राहा. मेडस्टनला मुक्काम केलात तर एम२ आणि ए२ ने या, तो रस्ता शहरात न शिरता थेट ईस्टर्न डॉक्सवर, म्हणजे फेरीच्या बंदरावर, उतरतो.

बंदरावरचा
परतीची फेरी कधीची आहे? ईस्टर मंडे असेल तर कॅलेच्या रांगेचंही आत्ताच बघून ठेवा.